घटस्फोटाचा अर्ज दिल्यानंतरच्या चार बैठका : सेवा कशी वाटली

आमच्या अर्जाचं प्रूफ मीच वाचलं. नवऱ्यानं वकिलांकडून आलेला मसुदा मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'तू बघून घे, तुला चुका दिसतात.' एकोणीस वर्षं मुद्रितशोधन करतेय, तेव्हा चुका दिसल्याच. लग्नाची तारीख दुसऱ्या पानावर एक आणि सहाव्यावर दुसरी. 'सामंजस्य'चं 'सामंज्यस्य'. माझ्या नावातली वेलांटी चुकलेली. नवव्या पानावर एक वाक्य होतं, 'उभयतांनी पुन्हा एकत्र नांदण्याची कोणतीही शक्यता आता उरलेली नाही.' त्यात चूक काहीच नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, पूर्णविराम जागच्या जागी. मी ते पाच-सहा वेळा वाचलं, समासात कसलीही खूण केली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सही करून टाकली.

अर्ज दाखल झाला. ते वाक्य मात्र पुढे दोन महिने रात्री-अपरात्री डोळ्यांसमोर यायचं. आमच्या कामात शुद्ध वाक्य आणि खरं वाक्य यांतला फरक कळायला लागतो, पण खरेपणा तपासणं आमचं काम नसतं. तो लेखकाचा प्रश्न. इथं लेखक मीच होते.

म्हणून ही सेवा शोधली. आधीच सांगते, 'आणि मग आमचं पुन्हा जुळलं' असं वाचायला आला असाल तर निराश व्हाल. अर्ज मागे घेतलेला नाही. पुढची तारीख मागून घेतली आहे, एवढंच.

त्याआधी एक प्रयत्न फसला होता. एका नेहमीच्या विवाह समुपदेशक बाईंकडे गेलो. त्यांनी पहिल्या पंधरा मिनिटांत आम्हाला एकमेकांचे तीन-तीन गुण सांगायला लावले. नवरा 'वक्तशीर' म्हणाला आणि अडकला. मी 'शांत' म्हटलं, तेही अशा स्वरात की ती शिवी वाटावी. पुढच्या वेळेपर्यंत रोज वीस मिनिटं एकत्र चालायचा गृहपाठ मिळाला. तोवर तो दुसरीकडे राहायला गेलेला, त्यामुळे चालायला आधी भेटावं लागणार होतं. गेलोच नाही. त्या वेळी बाईंचा राग आला होता. आता वाटतं, त्यांचं दुकानच वेगळं होतं. नेहमीचं समुपदेशन दोघांनाही नातं सुधारायचंय असं धरून चालतं. आमच्यात एकाचा पाय घरात आणि एकाचा उंबऱ्याबाहेर होता, आणि खरं सांगायचं तर कोणाचा कुठं हे दर आठवड्याला बदलत होतं.

नेमक्या याच अवस्थेसाठी 'डिसर्न्मेंट काउन्सेलिंग' नावाचा प्रकार आहे. ज्या सेवेत आम्ही गेलो त्यांच्या माहितीपत्रकात याचं मराठी 'विवेचनात्मक समुपदेशन' असं केलंय, जे साफ चूक आहे. विवेचन म्हणजे फोड करून सांगणं. इथं लागतो तो विवेक, दूध कुठलं आणि पाणी कुठलं हे वेगळं करणारा. नीरक्षीरविवेक हा शब्द आपल्याकडे आयता पडलेला असताना 'विवेचनात्मक' कशाला? असो. मी कळवलंय.

ही पद्धत अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम डोहर्टी यांनी बसवली. तिच्यामागची पाहणी मला पद्धतीहून जास्त बोलकी वाटली. तिथल्या हेनेपिन काउंटीत घटस्फोटाच्या वाटेवर असलेल्या आईबापांना एका वर्गाला बसावं लागे. त्या वर्गातल्या २,४८४ जणांना डोहर्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं, तुमचं लग्न अजून वाचू शकेल असं तुम्हाला वाटतं का? साधारण चौघांतल्या एकानं हो म्हटलं. अर्ज देऊन झालेला, वकील लागलेला, आणि तरी हो. दर नऊ जोडप्यांपैकी एका जोडप्यात तर दोघांचंही उत्तर हो होतं, आणि ते एकमेकांना ठाऊक असेलच असं नाही. हे २०११ साली छापून आलं. मी वाचलं तेव्हा पहिला विचार आला की मला हे कोणी विचारलंच नाही. वकिलांनी पत्ता विचारला, दागिन्यांची यादी विचारली, मुलगी कोणाकडे राहणार हे विचारलं.

आता सेवेबद्दल. सगळं व्हिडिओ कॉलवर झालं, दोघं दोन ठिकाणांहून. जास्तीत जास्त पाच बैठका; पहिली दोन तासांची, पुढच्या दीड-दोन तासांच्या. प्रत्येक बैठकीच्या शेवटी पुढची हवी की नको ते ठरवायचं. एकदम पाचांचं बांधून घेत नाहीत, हे मला फार आवडलं. आम्ही चार केल्या.

सुरू होण्याआधी दोघांना वेगवेगळा फोन येतो. त्यात घरात मारहाण, धमकी, भीती असं काही आहे का हे सरळ विचारतात, आणि उत्तर देताना आसपास कोणी नाही ना याची खात्री करून घेतात. मी 'नाही' म्हटल्यावरही त्यांनी तोच प्रश्न शब्द बदलून पुन्हा विचारला. मला तो आगाऊपणा वाटला. नंतर एका मैत्रिणीला हे सांगत होते तर ती गप्प झाली, आणि तो प्रश्न दोनदा का विचारतात ते मला तिच्या गप्प होण्यावरून कळलं.

पहिल्या बैठकीत इथल्या समुपदेशक बाईंनी स्वच्छ सांगितलं की इथं नातं दुरुस्त होणार नाही. इथं फक्त तीन वाटांपैकी कुठली धरायची ते ठरेल. पहिली, आहे तसंच राहायचं. दुसरी, वेगळं व्हायचं. तिसरी, सहा महिने घटस्फोटाचा विषय बाजूला ठेवून मन लावून उपचार घ्यायचे आणि त्यानंतर पुन्हा बसायचं. पहिल्या वाटेला त्यांनी 'जैसे थे' म्हटलं. मला हसू आलं. आमच्या मुद्रितशोधनात खोडलेला शब्द पुन्हा ठेवायचा असला की त्याच्याखाली टिंबं देतात, म्हणजे 'जैसे थे'. पण त्यासाठी मुळात कोणीतरी तो शब्द खोडलेला असावा लागतो. आमच्या घरात सतरा वर्षं 'जैसे थे' चाललं होतं ते कोणी काही ठरवल्यामुळे नव्हे.

मग चार गोष्टी विचारल्या. इथपर्यंत कसे आलात? थांबवायला काय काय करून पाहिलंत? मुलीचा या सगळ्यात काय भाग? आणि सगळ्यात चांगले दिवस कुठले होते? शेवटच्या प्रश्नाला मी तयार नव्हते. नवऱ्यानं लगेच उत्तर दिलं. मुलगी दीड वर्षाची असताना मला कामाची दोन जाडी पुस्तकं एकदम आली होती, तेव्हा तो रात्री मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा आणि मी प्रुफावर डोळे ठेवून जुळवायचे. अर्धविरामसुद्धा तोंडानं म्हणायचा. 'स्वल्पविराम' म्हणताना दर वेळी जरा थांबायचा, म्हणजे खरोखर अल्प विराम घ्यायचा. मी हे विसरले होते. म्हणजे विसरले नव्हते, पण ते माझ्या कामाच्या आठवणींत ठेवलेलं होतं, संसाराच्या नाही.

मुलगी चौदा वर्षांची आहे. तिचा भाग काय, याचं उत्तर तिनंच आधी देऊन ठेवलं होतं. 'नक्की काय ते एकदा सांगा,' ती म्हणाली होती, 'म्हणजे मी टूथब्रश एक घेऊ की दोन ते मला कळेल.' मी हे बैठकीत सांगितलं तेव्हा नवरा कॅमेऱ्याबाहेर गेला आणि दोन-तीन मिनिटं पडद्यावर नुसती खुर्ची दिसत राहिली.

यानंतर एकेकट्याशी बोलणं होतं, आणि या सेवेचा खरा ऐवज तिथं आहे. एकाशी बोलताना दुसरा बाहेर थांबतो. तक्रार करायची मुभा असते, पण बाई ती फार वेळ चालू देत नाहीत. फिरून फिरून एकाच जागी आणतात, यात तुमचं काय?

माझी तक्रार तयारच होती. त्याची नोकरी गेली आणि त्यानं चार महिने मला सांगितलं नाही. रोज सकाळी बॅग घेऊन निघायचा आणि वाचनालयात जाऊन बसायचा. मला कळलं ते बँकेच्या मेसेजवरून. हे सांगताना माझा आवाज अजून चढतो, तसा तेव्हाही चढला. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, 'त्यांनी पहिल्याच दिवशी येऊन सांगितलं असतं, तर तुमच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं आलं असतं?'

मी म्हटलं, 'काळजी करू नको, बघू काहीतरी.'

त्या काहीच बोलल्या नाहीत. टेबलावर पाण्याचा ग्लास होता, मी तो उचलला आणि परत ठेवला. खोटं वाक्य होतं. शुद्ध, पण खोटं. जरा वेळानं मी खरं सांगितलं, 'मला वाटलंच होतं, असं म्हणाले असते.'

त्यांनी ते लिहून घेतलं. शाबासकी नाही, 'किती प्रामाणिक आहात' वगैरे नाही. त्याबद्दल त्यांना मी वेगळे गुण देते.

नियम असा आहे की एकट्यानं बोलून झालं की जोडीदाराला परत बोलवायचं आणि आपल्याला स्वतःबद्दल काय कळलं ते थोडक्यात सांगायचं. दुसऱ्यानं फक्त ऐकायचं, उत्तर द्यायचं नाही. मी त्याला सांगितलं की तू मला का सांगितलं नाहीस हे मी तुला दोन वर्षं विचारतेय, आणि उत्तराचा अर्धा भाग माझ्याकडे आहे. तो ऐकत राहिला. उत्तर द्यायची बंदी नसती तर त्या दिवशी आमचं भांडण झालं असतं, याबद्दल मला शंका नाही. तो 'जाऊ दे' म्हणाला असता आणि त्या 'जाऊ दे'वरून पुढचा तास गेला असता.

इथं एक स्पष्ट करते. अर्धा भाग माझ्याकडे म्हणजे चार महिन्यांचं खोटं माझ्या खात्यावर जमा झालं, असं नाही. ते त्याचंच आहे, आणि त्याच्या पाळीला त्यानं ते स्वतःकडे घेतलं. बाईंनी कोणाचंही ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर चढवलं नाही.

दुसऱ्या बैठकीनंतर त्यांनी जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांच्या कामाबद्दल वाचायला सुचवलं. जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून, त्यांच्या मतभेदांवर बोलायला लावून गॉटमननी वर्षानुवर्षं निरीक्षणं केली. नातं मोडकळीला येण्याच्या चार खुणा ते सांगतात. टोचून दोष काढणं, तुच्छतेनं वागणं, सतत स्वतःचा बचाव करणं आणि भिंतीसारखं गप्प होणं. तुच्छता यांत सर्वांत घातक. वाचून झाल्यावर हिशेब केला. पहिल्या दोन माझ्या, उरलेल्या दोन त्याच्या. वाटणी तरी समसमान झाली होती. तो मला मेसेज पाठवायचा आणि मी उत्तराआधी त्यातलं शुद्धलेखन दुरुस्त करून परत पाठवायचे. सुरुवातीला गंमत म्हणून. ती गंमत कधी संपली ते त्याला आठवतं, मला नाही.

आता तक्रारी, कारण त्या आहेत.

सगळ्यात मोठी तिसऱ्या बैठकीतली. माझी एकटीची पाळी सुरू झाली आणि नवऱ्याला बाहेर पाठवायचं बटण बाईंकडून नीट दाबलं गेलं नाही. त्याचं चित्र पडद्यावरून गेलं होतं, पण आवाज त्याच्यापर्यंत पोचत होता. मी सांगत होते की तो वाचनालयात बसायचा हे कळल्यावर मला आधी राग आला नाही, आधी दया आली, आणि त्या दयेचीच मला इतकी भीती वाटली की मी ओरडायला लागले. सात-आठ मिनिटं झाली असतील. मग अचानक त्याचा आवाज आला, 'मी अजून इथंच आहे. मला ऐकू येतंय.'

बाईंनी माफी मागितली, बैठक थांबवली, दुसऱ्या दिवशी लेखी दिलगिरीही पाठवली. त्यानं ते ऐकलं म्हणून पुढे काही गोष्टी सोप्या झाल्या, हे खरं आहे. पण म्हणून मी या चुकीला 'बरंच झालं' म्हणणार नाही. माझ्या जागी कोणी काही वेगळं बोलत असती तर? ज्या सेवेचा सगळा डोलारा एकांतावर उभा आहे, तिथं हे बटण दोनदा तपासलंच पाहिजे. त्याच्याबद्दल मात्र एक नोंद करते. आणखी पाच मिनिटं गुपचूप ऐकत बसणं त्याला सहज शक्य होतं.

दुसरी तक्रार फॉर्मची. 'विवाहाचा कालावधी' या रकान्यात वर्षं लिहायची तर यादीतून 'आनंदी / मध्यम / दुःखी' यातला एक पर्याय निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी 'मध्यम' निवडलं. नंतर कळलं, त्यानंही तेच. तिसरी, वेळा बदलतात आणि कळवतात उशिरा.

कोणी जाऊ नये तेही सांगते. घरात मारहाण असेल, जिवाची भीती असेल, तर ही जागा तुमच्यासाठी नाही, आणि चांगली सेवा तुम्हाला त्या पहिल्या फोनवरच योग्य मदतीकडे वळवेल. एकाचा निर्णय पक्का झालेला असेल आणि नुसतं दुसऱ्याचं समाधान म्हणून यायचं असेल, तरीही नको. 'आम्ही तुमचं लग्न वाचवतो' अशी जाहिरात दिसली तर मी दोन पावलं मागे सरकेन. डोहर्टींच्या पद्धतीनं गेलेल्या शंभर जोडप्यांचा अहवाल २०१६ साली आला, त्यात जवळपास निम्म्यांनी तिसरी वाट धरली. म्हणजे निम्म्यांनी धरली नाही. बाईंनी हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

कायद्याचं थोडं, कारण मी यात घाबरले होते. मला वाटायचं, अर्ज गेला म्हणजे गाडी सुटली. तसं नसतं. अनेक देशांतल्या कायदेकर्त्यांनी मध्ये थांबायला जागा ठेवलेली आहे. भारतात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब प्रमाणे परस्परसंमतीच्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं ही मुदत योग्य प्रकरणात माफ करता येईल असं म्हटलं, पण हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते हे १९९१ पासून ठरलेलं आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २०२२ पासून अर्ज आणि पहिला आदेश यांत २० आठवडे जावे लागतात. चीननं २०२१ पासून नोंदणी कार्यालयातल्या घटस्फोटाला ३० दिवस ठेवले, त्यात दोघांपैकी कोणीही माघार घेऊ शकतं. दक्षिण कोरियात लहान मुलं असतील तर तीन महिने. या मुदतींनी अडकलेल्यांचे हाल होतात ही टीकाही खरी आहे. छळातून सुटू पाहणाऱ्या माणसाला सहा महिने म्हणजे काय ते बाहेरून बोलू नये. माझ्यापुरतं सांगायचं तर ती मुदत नसती तर मी हा मजकूर लिहीत नसते.

करायचं एवढंच की वकिलांना लेखी कळवायचं, थांबायचंय का मागे घ्यायचंय ते नेमकं लिहायचं, आणि तारखेला नुसतं गैरहजर राहायचं नाही. त्याचे परिणाम वेगळेच होऊ शकतात. आमच्या दोन वकिलांपैकी एकांनी 'बरं' म्हटलं. दुसऱ्यांनी 'नक्की ना?' असं तीनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा मला ते आवडलं.

चौथ्या बैठकीच्या शेवटी आम्ही तिसरी वाट निवडली. तो म्हणाला, 'सहा महिने.' मी म्हटलं, 'सहाच.' याला काही प्रेमाची कबुली म्हणत नाहीत. आता उपचार दुसऱ्या समुपदेशकाकडे चालू आहेत, तिसरा महिना संपतोय. तो अजून दुसरीकडेच राहतो. मुलीनं टूथब्रश दोन घेतले, दोन्ही एकाच रंगाचे, म्हणजे एखादा कुठं विसरला तर गोंधळ नको. गेल्या आठवड्यात आम्ही एकदा भांडलो. तो उठून गेला नाही आणि मी त्याचं वाक्य मधे तोडलं नाही. भांडण मात्र चांगलंच झालं, दीड तास.

पुन्हा याच सेवेकडे जाईन का? बाईंकडे जाईन, फॉर्मकडे नाही. पाचपैकी चार, एक गुण त्या बटणाचा कापला.

आणि हो, पावती. चारही बैठकांच्या पावत्यांवर सेवेचं नाव 'विवाहपूर्व समुपदेशन' असं छापून आलंय. मी दोनदा कळवलं. उत्तर आलं, 'दुरुस्त करून पाठवतो.' नवऱ्याला दाखवली तर तो बराच वेळ पावतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, तारीख तरी बरोबर आहे ना? तारीख बरोबर आहे. दुरुस्त पावती अजून आलेली नाही.